पूल खेळून घर चालतं का? आधी हिशोब मांडा

मुलगा पूल चांगला खेळतो. दोस्त म्हणतात, "तू प्रोफेशनल हो." मोबाईलवर परदेशातले सामने बघून एक दिवस तो घरी सांगतो, "कॉलेज सोडतो, यातच करिअर करायचंय." अशा वेळी बरेच अब्बा-अम्मी एकतर "बंद कर ते" म्हणतात, नाहीतर बक्षिसाचे आकडे ऐकून गप्प बसतात. त्यापेक्षा मुलाला शेजारी बसवून वहीत हिशोब मांडलेला बरा.

बक्षीस मोठं, वाटेकरी थोडे

2024 ची जागतिक पूल स्पर्धा सौदीत जेद्दा इथे झाली. खेळाडू 128, एकूण बक्षीस 10 लाख डॉलर. त्यातले अडीच लाख, म्हणजे चौथा हिस्सा, एकट्या विजेत्याला. बाकीच्या पैशातही जो जितका पुढे गेला तितका त्याचा वाटा मोठा. लवकर हरला तरी विमानाचं तिकीट आणि हॉटेलचं बिल काही कमी होत नाही.

स्नूकरचंही तसंच. 2022-23 च्या हंगामापासून जागतिक टूरवरच्या खेळाडूंना हंगामाला 20,000 पौंडांची हमी मिळू लागली. पण तो पगार नाही. पुढे जिंकलेल्या बक्षिसातून ती रक्कम वळती होते, आणि प्रवास-मुक्कामाचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. मुंबईचा ईशप्रीत सिंग चढ्ढा या टूरवर खेळतो. 2024 मध्ये तो इंग्लिश ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. इथवर पोचलेले भारतीय बोटावर मोजण्याइतके आहेत.

मिरजगावच्या मुलाचा हिशोब

पूलच्या स्पर्धा साधारण 9 फुटी टेबलवर होतात, गल्लीतल्या पार्लरमध्ये बहुतेक लहान टेबलं असतात. म्हणजे मिरजगावच्या मुलाला नीट सरावासाठी नगर किंवा पुणे गाठावं लागणार. आता एक अंदाज मांडू. हे दर समजा म्हणून घेतलेत, तुम्ही आपल्याकडचे घाला.

- टेबलभाडं: तासाला 150 रुपये, रोज 4 तास, महिन्याला 25 दिवस. महिन्याचे 15,000, वर्षाचे 1,80,000.
- वर्षाला 10 स्पर्धा, प्रत्येकी प्रवेश फी, प्रवास, मुक्काम, जेवण धरून 6,000. झाले 60,000.
- क्यू, त्याची टिप, प्रशिक्षकाची फी: 30,000.

एकूण 2,70,000 रुपये. मुलाने चार ठिकाणी 10,000 चं बक्षीस जिंकलं तरी हातात 40,000. उरलेले 2,30,000 कुणाच्या खिशातून येणार? हा प्रश्न पहिल्याच दिवशी घरात विचारला पाहिजे.

पैसा येतो कुठून?

क्रिकेटमध्ये टीव्ही आणि जाहिरातीचा पैसा असतो. गावपातळीच्या पूल स्पर्धेत बऱ्याचदा खेळाडूंच्या फीमधूनच बक्षीस निघतं. 64 जणांनी 500 रुपये भरले तर जमले 32,000. त्यातून टेबलचा आणि आयोजनाचा खर्च गेला की उरलेलं तीन-चार जणांत वाटलं जातं. बाकी साठ जण पैसे घालवून घरी जातात. सगळ्यांच्या फीतून असं बक्षीस काढणं जायज आहे का, हेही आपल्या आलिमांना विचारून घ्यावं. प्रायोजकाने बक्षीस दिलं असेल तर तो मसला वेगळा ठरू शकतो.

"हरेल त्याने टेबलचं भाडं द्यायचं" किंवा पैशावर गेम लावायचा, याला मुलं कमाई समजतात. ही कमाई नव्हे. आज आली ती उद्या जाते, वर उधारी होते आणि सवय लागते ती वेगळीच. शिवाय महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. पूल हा कौशल्याचा खेळ खरा, पण पोलीस आले तर पैशावर खेळणाऱ्याला तेवढं सांगून सुटता येईल याचा भरवसा नको.

मग चांगले खेळाडू जगतात कसे?

बहुतेक जण नोकरीवर. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झाले, तेही हौशी गटात. पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी ओएनजीसीत नोकरीला आहे. 2012 मध्ये तो व्यावसायिक स्नूकर टूरवर गेला आणि 2014 मध्ये तो टूर सोडून परतला. राष्ट्रीय स्पर्धांत पेट्रोलियम स्पोर्ट्स प्रमोशन बोर्डाचे खेळाडू पुढे दिसतात, कारण मागे तेल कंपन्यांची नोकरी असते. काहींना शिकवणीचा आधार असतो. मुंबईचे यासीन मर्चंट आशियाई स्नूकर विजेते, पुढे त्यांनी प्रशिक्षण देण्याचं काम केलं.

घरच्यांनी काय करावं?

मुलात खरंच हुनर असेल तर खेळ तोडू नका, पण शिक्षणही सोडू देऊ नका. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. मात्र कोणता खेळ, कोणती स्पर्धा आणि कोणतं प्रमाणपत्र चालतं याचे नियम ठरलेले असतात. ते नगरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारा. पार्लरवाल्याने छापलेलं सर्टिफिकेट तिथे उपयोगाचं नाही, राज्य संघटनेच्या निवड स्पर्धा खेळाव्या लागतात.

दुसरं, दोन वर्षांची मुदत आणि वर्षाचा आकडा ठरवा. त्यासाठी कर्ज काढू नका, बहिणीच्या शिक्षणाचे पैसे मोडू नका. मुलाने प्रत्येक स्पर्धेचा खर्च आणि मिळकत वहीत लिहावी आणि महिन्याअखेर घरात दाखवावी. दोन वर्षांत राज्य पातळीवर नाव लागलं तर पुढचा विचार करू. नाही लागलं, तर तोवर हातात पदवी किंवा आयटीआयचा दाखला असेल, आणि संध्याकाळचा खेळ चालूच राहील.