वादळांची फेरमोजणी

अटलांटिक महासागरातल्या वादळांच्या अधिकृत यादीत 1914 या वर्षासमोर एकच नोंद आहे. सप्टेंबरच्या मध्यावर बहामा बेटांजवळ उठलेलं, फ्लोरिडाच्या ईशान्य टोकाशी किनाऱ्याला लागून पश्चिमेकडे सरकत विरलेलं एक मध्यम वादळ. त्याचा वारा हरिकेनच्या पातळीलाही पोचला नव्हता. याच महासागरात 2020 साली नाव मिळालेली वादळं होती 30. या दोन आकड्यांत निसर्गाचा फरक किती आणि मोजणीचा किती, हे ठरवायचं तर जुन्या जहाजांची लॉगबुकं उघडावी लागतात.

ब्रिटिश आरमाराच्या पहिल्या महायुद्धाच्या सुमाराच्या लॉगबुकांची छायाचित्रं 2010 साली ‘ओल्ड वेदर’ या उपक्रमाने सर्वांना खुली केली. हवामानाच्या नोंदी आकड्यांत उतरवून देण्याचं काम जगभरच्या हौशी लोकांनी घरबसल्या उचललं. त्या पानांचा नाद मलाही तिथूनच लागला.

पान एका दिवसाचं. रकाने आखलेले: वेळ, वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर, हवा, बॅरोमीटर, तापमान. जोर ब्यूफोर्ट मापाने शून्य ते बारा. हवेच्या रकान्यात शब्द नाहीत, नुसती इंग्रजी अक्षरं. ‘बी’ म्हणजे निळं आकाश, ‘ओ’ म्हणजे पूर्ण झाकोळ, ‘क्यू’ म्हणजे वाऱ्याचे झोत, आणि ‘यू’ म्हणजे भेसूर, काहीतरी येऊ घातल्यासारखं आकाश. पहारा बदलला की हस्ताक्षर बदलतं. कुणाचा एक सातसारखा, कुणाचा तीन पाचसारखा. म्हणून एकच पान अनेकांना वाचायला दिलं जाई आणि त्यांची वाचनं ताडून पाहिली जात.

सरावाने डोळा आधी बॅरोमीटरच्या रकान्यावर जातो. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज भरती-ओहोटीसारखा वरखाली होतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. ही लय पानामागून पान चालू असते. मग एखाद्या दिवशी दहा वाजले तरी पारा चढत नाही, वाऱ्याचा आकडा चारावरून सहावर जातो आणि शेजारी ‘क्यू’ उमटतो. अशा जागी थांबावं, पुढचं पान घाईने उलटू नये.

ही निरीक्षणं वादळाच्या अभ्यासासाठी केलेली नव्हती. ऑगस्ट 1914 मध्ये वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश क्रूझर ‘कार्ल्सरुहे’ या जर्मन युद्धनौकेच्या मागावर होत्या. 6 ऑगस्टला ‘सफोक’ या क्रूझरने तिला गाठलंही, पण ती निसटली. असा पाठलाग चालू असतानाही पहाऱ्यावरचा माणूस पारा वाचून लिहीतच होता. शिस्त नौकानयनाची होती. हवामानशास्त्राला तिचा लाभ शंभर वर्षांनी झाला.

नोंद हाती आली तरी ती तशीच वापरता येत नाही. दाब इंचांत असतो, एक इंच पारा म्हणजे सुमारे 33.9 मिलिबार. उष्णतेने पारा फुगतो, तेवढं वजा करायचं. जहाजाचं घड्याळ स्थानिक वेळेचं, ते ग्रिनिचशी जुळवायचं. अक्षांश-रेखांश साधारणपणे दुपारचे, मधल्या वेळेची जागा वेग आणि दिशेवरून काढायची. मग त्या दिवशीची हाती लागतील तेवढी जहाजं, बेटांवरची ठाणी आणि किनाऱ्यावरच्या वेधशाळा एकाच नकाशावर मांडायच्या.

आता केंद्राचा शोध. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळाचा मध्य डाव्या हाताला, किंचित पुढे असतो. अशा दोन जहाजांवरून रेघा ओढल्या की त्या जिथे छेदतात तिथे केंद्र. वारा ईशान्येकडून पूर्वेला आणि तिथून आग्नेयेला वळत गेला, तर वादळ पश्चिमेकडे जाताना जहाज त्याच्या उजव्या अंगाला होतं. तीन जहाजं मिळाली तर खात्री वाढते. एकच असेल तर वादळ होतं की नुसता जोराचा वारा, यावर वाद होतो.

वादळांच्या जुन्या यादीची अशी पद्धतशीर फेरतपासणी अमेरिकेत ख्रिस्तोफर लँडसी यांच्या पुढाकाराने झाली. त्याआधी होसे फर्नांडिस-पार्तागास यांनी एकोणिसाव्या शतकापासूनची वर्तमानपत्रं आणि जहाजांच्या बातम्या धुंडाळून मोठा पाया घालून ठेवला होता. 1911 ते 1920 या दशकाची फेरतपासणी 2008 साली प्रसिद्ध झाली.

या दशकाची एक गंमत आहे. ते सुरू होण्याच्या थोडं आधी, ऑगस्ट 1909 मध्ये, युकातानच्या किनाऱ्याजवळून ‘कार्तागो’ या जहाजाने हरिकेनची खबर बिनतारी संदेशाने दिली. जहाजावरून अशी खबर येण्याची ती पहिलीच वेळ. यामुळे इशारे लवकर मिळू लागले. पण इशारा मिळालेलं जहाज वादळाला वळसा घालून जातं, त्यामुळे ऐन केंद्राजवळची मोजमापं दुर्मीळ झाली. जे आत सापडले त्यांच्याकडून नोंदी मिळतीलच असं नाही. सप्टेंबर 1919 मध्ये ‘वाल्बानेरा’ हे स्पॅनिश जहाज हवानाच्या बंदरात शिरू शकलं नाही आणि 488 माणसांसह फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या उथळ पाण्यात बुडालं. त्या वादळाला सर्वांत जवळून पाहिलेल्यांपैकी कुणीही सांगायला उरलं नाही.

कागद तपासण्याची ही शिस्त वादळं शोधते, तशी खोडतेही. 6 जून 1882 रोजी मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसं मेली, असं अनेक याद्यांत छापलं गेलं आहे. अभ्यासकांनी त्या काळचे कागद पाहिले, तेव्हा अशा संहाराचा मागमूसही मिळाला नाही. लाखभर मृत्यूंची दखल मुंबईसारख्या शहरात कुणीच घेतली नसेल, हे शक्य नाही. भर समुद्रात मात्र वादळ कुणाच्याही नजरेस न पडता सहज विरून जाऊ शकतं.

म्हणून एकेकाळी वर्षाला एक वादळ येई आणि आता तीस येतात, असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नये. 1914 साली उपग्रह नव्हते, वादळात शिरणारी विमानं नव्हती आणि युद्धामुळे समुद्रावरच्या नोंदीही घटल्या होत्या. समुद्र तापतो आहे हे खरं, पण त्याचा वादळांवरचा परिणाम मोजायचा तर आधी जुना हिशेब चोख हवा. तो करताना अभ्यासकांनी 1914 च्या यादीत अंदाजाने एकही वादळ घातलं नाही. पुरावा एकाचाच होता, म्हणून आकडा एकच ठेवला. या कामाची विश्वासार्हता त्या संयमावर उभी आहे.