मिठागरातील पाण्याची चाल
पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मिठागरांत मिठाचा कस उन्हाइतकाच पाण्याच्या चालीवर अवलंबून असतो. उधाणाचे पाणी साठवणीतून उथळ वाफ्यांत क्रमाक्रमाने तापवीत न्यावे. समुद्राचे पाणी बोमे मापकावर सुमारे ३ अंश भरते. ते आटताना चुना व जिप्सम वाटेतच खाली बसतात. घाईने पुढे सोडलेल्या कच्च्या पाण्यातून हेच क्षार मिठात उतरतात व माल हलका ठरतो. म्हणून पाणी सुमारे २५ अंश भरल्यावरच अखेरच्या वाफ्यात घ्यावे. २९ अंशांनंतर ते काढून टाकावे. नाहीतर मॅग्नेशियममुळे मीठ कडवट होऊन पाझरते. अवकाळी पावसाचे पाणी हलके असल्याने वर तरंगते. ते वरच्यावर काढावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आगरी बांधवांस मापकाचा वापर प्रत्यक्ष दाखवावा.