धावपटूचा वेग येतो कोठून?

शाळेच्या क्रीडास्पर्धांत शंभर मीटरची शर्यत सुरू झाली, की मैदानाच्या कडेने एकच आरडाओरडा होतो : "पाय उचल! आणखी भराभर!" शेवटच्या वीस मीटरांत मागचा एखादा मुलगा पुढच्याला गाठतो आणि सगळे म्हणतात, "बघा, शेवटी कसा वेग वाढवला त्याने!" विद्यार्थिमित्रांनो, या दोन वाक्यांत दोन समजुती दडलेल्या आहेत. वेगवान धावपटू पाय अधिक भराभर हलवतो, ही पहिली. आणि चांगला धावपटू शेवटी वेग वाढवतो, ही दुसरी. या समजुती मोजमापाच्या कसोटीला किती उतरतात, ते पाहू.

आधी दुसरी घेऊ. १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिन येथील जागतिक मैदानी स्पर्धेत जमैकाच्या उसेन बोल्टने शंभर मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला. शास्त्रज्ञांनी या धावेचे वीस-वीस मीटरांचे पाच टप्पे पाडून वेळ मोजली होती. पहिल्या टप्प्याला २.८९ सेकंद लागले, दुसऱ्याला १.७५, तिसऱ्याला १.६७, चौथ्याला १.६१ आणि पाचव्याला १.६६. आता वीसला या आकड्यांनी भागून पाहा. चौथ्या टप्प्यात बोल्टची सरासरी चाल सेकंदाला १२.४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ४५ किलोमीटर होती. पाचव्या टप्प्यात ती सुमारे १२ मीटरांवर आली. म्हणजे जागतिक विक्रम करणारा धावपटूही शेवटी मंदावतोच! शंभर मीटरच्या शर्यतीत मागून येऊन जिंकणारा बहुधा वेग वाढवत नसतो. तो इतरांपेक्षा कमी मंदावतो, इतकेच.

चुंबक घेऊन धावणारे खेळाडू

धावेचे असे तुकडे पाडून अभ्यास करण्याची कल्पना बरीच जुनी आहे. आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल हे इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. स्नायूंत निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. १९२७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी धावपटूंच्या अंगावर चुंबकित पोलादाची एक पट्टी बांधली. धावपट्टीच्या कडेला ठरावीक अंतरांवर तारेची वेटोळी उभी केली व ती गॅल्व्हॅनोमीटरला जोडली. धावपटू वेटोळ्यासमोरून गेला, की तारेत क्षणभर विद्युतप्रवाह निर्माण होई आणि त्या क्षणाची नोंद होई. फॅरडेचे विद्युतचुंबकीय प्रवर्तन तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकता, त्याचा हा किती सुंदर उपयोग!

या नोंदींवरून असे दिसले, की धावपटूचा वेग सुरुवातीला झपाट्याने वाढतो, मग वाढ मंदावत जाते आणि शेवटी एका मर्यादेपाशी थांबते. ही मर्यादा का पडते? हिल यांना वाटले, की काकवीसारख्या दाट द्रवात होते तसे अंतर्गत घर्षण स्नायूंत होत असावे आणि पुष्कळसे बल त्यातच खर्ची पडत असावे. हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. १९३८ साली बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांतून खुद्द हिल यांनीच नवा नियम मांडला : स्नायू जितक्या झपाट्याने आकुंचन पावतो, तितके त्याला कमी बल लावता येते. रिकामी बादली आपण झटकन उचलतो, भरलेली सावकाश; यामागेही हाच नियम आहे.

धावपटूची खरी अडचण इथेच आहे. त्याला बलही मोठे लावायचे असते आणि तेही अगदी थोड्या वेळात. किती थोड्या? त्यासाठी एक लहानसे गणित करू.

एका पायावर १३२ किलो!

पूर्ण वेगाने धावताना पाऊल जमिनीला टेकलेले असते, तेवढ्यात शरीर साधारण एक मीटर पुढे सरकते. पायाची लांबी ठरलेली असल्यामुळे हे अंतर फारसे वाढवता येत नाही. वेग सेकंदाला दहा मीटर असेल, तर पाऊल जमिनीवर केवळ ०.१० सेकंद राहणार. त्यानंतर दोन्ही पाय हवेत असतात. तो काळ ०.१२ सेकंद धरू. म्हणजे एका पावलाला एकूण ०.२२ सेकंद झाले.

गुरुत्वाकर्षण मात्र या सर्व वेळात शरीराला खाली ओढत असते. त्याची भरपाई पाऊल टेकलेले असतानाच झाली पाहिजे. धावपटूचे वजन ६० किलो असेल, तर ६० गुणिले ०.२२ भागिले ०.१०, म्हणजे १३२ किलो वजनाइतके सरासरी बल एकट्या पायाने जमिनीवर द्यावे लागते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीन तेवढेच बल उलट देते आणि धावपटू पुन्हा हवेत उचलला जातो. वेग आणखी वाढला, की पाऊल टेकण्याचा काळ आणखी कमी होतो आणि बल अधिक लागते. ते देता आले नाही, की वेगाची मर्यादा आली.

आता पहिल्या समजुतीकडे वळू. इ. स. २००० मध्ये अमेरिकेत पीटर वेयँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ३३ जणांना ट्रेडमिलवर, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर, आपापल्या कमाल वेगाने धावायला लावले. पट्ट्याखाली बल मोजणारे उपकरण बसवलेले होते. सर्वांत मंद व्यक्तीचा वेग सेकंदाला ६.२ मीटर, तर सर्वांत वेगवान व्यक्तीचा ११.१ मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होता. आता गंमत पाहा. जमिनीवरून उचललेला पाय पुढे आणून पुन्हा टेकवायला या सर्वांना जवळजवळ सारखाच वेळ लागत होता! फरक होता तो जमिनीवर दिलेल्या बलात. शरीराच्या वजनाच्या तुलनेत वेगवान धावपटू मंद धावपटूच्या सुमारे सव्वापट बल देत होते.

म्हणजे "पाय भराभर हलव" या सल्ल्यापेक्षा "जमिनीला जोराने आणि झटकन ढकल" हा सल्ला अधिक शास्त्रशुद्ध आहे.

सराव कसा असावा?

यावरून सरावाची काही सूत्रे निघतात. पहिले सूत्र बलाचे. उड्या, एका पायावरील लंगड्या, बैठका, चढावर धावणे यांनी पायांचे बल व ते झटकन देण्याची क्षमता वाढते.

दुसरे सूत्र दिशेचे. सुरुवातीच्या काही पावलांत शरीर पुढे झुकलेले असावे, म्हणजे दिलेल्या बलाचा मोठा भाग मागच्या दिशेने लागतो आणि धावपटू पुढे फेकला जातो. पहिल्याच पावलाला ताठ उभा राहणारा मुलगा आपले बल वर उचलले जाण्यात घालवतो.

तिसरे सूत्र विश्रांतीचे, आणि आपल्या मैदानांवर तेच सर्वांत दुर्लक्षित राहते. पूर्ण ताकदीने धावताना स्नायू क्रिएटिन फॉस्फेट नावाचा साठा वापरतात. तो काही सेकंदांतच बराच ओसरतो आणि पुन्हा भरायला काही मिनिटे लागतात. ३० ते ६० मीटरांची एक धाव झाल्यावर लगेच दुसरी धावली, तर ती मंदच होणार. अशा दहा धावा म्हणजे दमसासाचा सराव झाला, वेगाचा नव्हे. वेग वाढवायचा असेल, तर धावा थोड्या, पूर्ण जोराच्या आणि मधली विश्रांती भरपूर हवी. शिक्षकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. दोन धावांच्या मधे स्वस्थ उभा असलेला विद्यार्थी आळशी नसतो. तो साठा भरत असतो! अंग चांगले तापवल्याशिवाय मात्र जोराची धाव घेऊ नये, कारण मांडीच्या मागचा स्नायू अशा धावेत सहज दुखावतो.

सरावाने सगळेच बोल्ट होतील काय? नाही. स्नायूंत झटकन आकुंचन पावणारे तंतू किती, याचा मोठा भाग जन्मतःच ठरलेला असतो. परंतु आपण आज जिथे आहोत, तिथून पुढे किती जातो, हे सरावावर अवलंबून असते. आणि ते मोजता येते.

तुम्हीही मोजून पाहा

मैदानावर २०, ४०, ६०, ८० आणि १०० मीटरांवर एकेक मित्र घड्याळ घेऊन उभा करा. सुरुवातीचा इशारा शिट्टीने न देता झेंडा खाली करून द्या. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून शंभर मीटरवरच्या मित्राला शिट्टी जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा ऐकू येईल. प्रत्येक टप्प्याची चाल काढा आणि आलेख मांडा. घरी मोबाइल असेल, तर धावणाऱ्याच्या पावलांचे मंदगती चित्रण करा. सेकंदाला २४० चित्रे घेतली, तर ०.१० सेकंद म्हणजे २४ चित्रे. तुमचे पाऊल किती चित्रांत जमिनीवर दिसते, ते मोजा आणि वरचे गणित स्वतःच्या वजनासाठी करा.

दोन महिने सराव करून हाच आलेख पुन्हा काढा. दोन आलेख शेजारी ठेवले, की सुधारणा सुरुवातीच्या टप्प्यात झाली, मधल्या की शेवटच्या, ते स्पष्ट दिसेल. आणि पुढचा सराव कशाचा करायचा, तेही तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.