उतरलेले वजन पुन्हा का वाढते?

आठवडाभर केवळ सूप किंवा फळांवर राहिल्यास काटा झपाट्याने खाली येतो. मात्र घटलेल्या वजनात चरबीपेक्षा पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृत आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन आधी वापरले जाते आणि त्यासोबतचे पाणी शरीराबाहेर पडते. नेहमीचे जेवण सुरू होताच ते परत येते. त्यासाठी व्यक्तीच्या निर्धाराला बोल लावणे अन्यायाचे ठरते.

अतिवेगाने वजन घटवण्याचे परिणाम दीर्घकाळ टिकू शकतात. अमेरिकेतील ‘द बिगेस्ट लूजर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी करण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, स्पर्धकांनी घटवलेले बहुतांश वजन परत आले होते. तरीही विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमीच होता.

म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली असून आहार १,००० किलोकॅलरींपेक्षा कमी नसावा, असे म्हटले आहे. ही गती कंटाळवाणी वाटते खरी. पण लाभासाठी सडपातळ होण्याची वाट पाहावी लागत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ टक्के वजनघट व आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढेच उद्दिष्ट होते. त्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. ८० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास.

भारतीय घरात काटकसरीला वाव असतो तो बहुधा फोडणीत आणि चहात. तेलाच्या एका लहान चमच्यातून सुमारे ४५ किलोकॅलरी मिळतात. दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेतल्यास दिवसाची २५ ग्रॅमची मर्यादा सहज ओलांडली जाते. भाकरी किंवा भात वर्ज्य करण्यापेक्षा त्यांचे प्रमाण आटोक्यात ठेवून डाळी, उसळी, ताक, अंडी यांचा वाटा वाढवणे अधिक काळ निभावते. प्रथिने आणि वजन उचलण्याचे व्यायाम यांमुळे चरबी घटत असताना स्नायू टिकण्यास मदत होते.

भारतीयांमध्ये पोटाभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती अधिक असल्याने काट्याइतकीच मोजपट्टीही महत्त्वाची ठरते. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे धोक्याचे मानले जाते. वजन घटवणारी नवी इंजेक्शने आता देशात उपलब्ध असली तरी ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावी लागतात. सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत औषध थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले होते.