युद्ध आणि रयत (लेखांक ६) : फिरत्या टोळ्यांचा हिशेब

मागच्या लेखांकात वेढ्यात अडकलेली शहरे पाहिली. वेढ्यात शत्रू कुठे आहे, हे निदान माहीत असते. आजच्या तुकड्या कधी कुठे उगवतील, याचा मात्र भरवसा नसे. आणि त्यांची गोष्ट आपल्या नागपूरपासूनच सुरू होते.

१७४२ मध्ये रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर चौथ मागायला बंगालवर चालून गेले. नवाब अलिवर्दी खान बधेना. मग त्याच्या फौजेला बगल देऊन हलके घोडदळ गावोगाव पसरले. मुर्शिदाबादेत जगत्‌शेठचा वाडा लुटला गेला, काटव्याला तळ पडला. गंगाराम या समकालीन बंगाली कवीच्या 'महाराष्ट्र पुराणा'त पोथ्या घेऊन पळणारे पंडित आहेत, तराजू उचलून धावणारे सोनार आहेत. पैसा दिला नाही म्हणून तोडलेले हात, कापलेले नाक-कान आणि बायकांवरचे अत्याचारही आहेत. धास्ती एवढी, की १७४३ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला गेला. १७४४ मध्ये नवाबाने भास्करपंतांना बोलणीसाठी बोलावून दग्याने मारले, तरी स्वाऱ्या चालूच राहिल्या. १७५१ मध्ये तह झाला : वर्षाला १२ लाख रुपये चौथ आणि ओरिसावर भोसल्यांचा अंमल. मग बंगालवरच्या स्वाऱ्या थांबल्या.

आता १९४१. जून महिन्यात जर्मन सैन्य सोव्हिएत संघात घुसले. त्याच्या मागोमाग 'आइन्झाट्सग्रुपन' नावाची चार पथके निघाली; माणसे जेमतेम ३,०००. जोडीला जर्मन पोलीस, लष्कराची मदत आणि स्थानिक साथीदार. ज्यूंना गोळा करायचे, गावाबाहेरच्या खड्ड्याशी न्यायचे आणि गोळ्या घालायच्या, ही त्यांची रीत. रोमा लोक आणि कम्युनिस्ट अधिकारीही त्यांचे बळी ठरले. कीव्हजवळच्या बाबी यार घळीत २९ आणि ३० सप्टेंबरला ३३,७७१ ज्यू मारले गेले. हा आकडा मारेकऱ्यांच्याच अहवालातला आहे. लिथुआनियात कार्ल येगर या अधिकाऱ्याने १ डिसेंबरला वर पाठवलेल्या अहवालात तारीखवार, गाववार पुरुष, स्त्रिया आणि मुले वेगवेगळी मोजली होती. एकूण १,३७,३४६.

टोळी वरिष्ठांना कशाचा हिशेब देते, यावरून तिचे काम ओळखावे. नागपूरला रुपये पोहोचायचे होते; कत्तल हे वसुलीचे क्रूर हत्यार होते, आणि रक्कम ठरल्यावर ते म्यान झाले. बर्लिनला प्रेतांचीच संख्या हवी होती. तिथे खंडणी देऊन कोणाची सुटका होणार नव्हती, कारण ज्यू म्हणून जन्मणे हाच गुन्हा ठरला होता. नरसंहार म्हणतात तो याला. बंगालच्या स्वाऱ्यांना तो शब्द लागू होत नाही. पण तेवढ्याने गंगारामाची साक्ष पुसली जात नाही, आणि रघूजींचा पराक्रम सांगताना ती गाळण्याचे कारणही उरत नाही.

या पथकांचे अहवाल पुढे न्यायालयात पुरावा ठरले. त्या न्युरेंबर्ग खटल्याविषयी पुढील आठवड्यात.