शून्य अक्षरांचे नाव

शाळेत संगणकाचा तास चालू असताना मध्येच वीज गेली, असे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले असेल. वीज परत आल्यावर लिनक्स प्रणालीचा संगणक कधीकधी लगेच कामाला लागत नाही. पडद्यावर काही ओळी सरकतात, डिस्कची तपासणी होते आणि मग सारे सुरळीत चालू होते. ही तपासणी करणाऱ्या प्रोग्रामचे नाव 'ई-टू-एफएससीके'. दुरुस्ती करणाऱ्या या प्रोग्राममध्येच २०१९ साली एक दोष सापडला. दुरुस्ती करणाराच कसा फसू शकतो, ते आपण पाहू.

आधी डिस्कवरची व्यवस्था समजून घेऊ. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. अशा कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात पुस्तके कपाटांत असतात आणि कोणते पुस्तक कुठे आहे याची नोंद वेगळी ठेवलेली असते. डिस्कवरही तसेच असते. फाइलीतला मजकूर 'ब्लॉक' नावाच्या सारख्या आकाराच्या कप्प्यांत असतो. फाइलीचा आकार किती, तिचा मजकूर कोणत्या ब्लॉकमध्ये, ही माहिती 'आयनोड' या नोंदीत असते. फाइलीचे नाव डिरेक्टरीत असते, तर कोणते ब्लॉक रिकामे आहेत याची यादी आणखी तिसरीकडे. एक नोंद बदलली आणि दुसरी बदलण्याआधी वीज गेली, तर त्यांचा मेळ बसत नाही. हा मेळ पाच टप्प्यांत तपासून बसवणे हे ई-टू-एफएससीकेचे काम. ग्रंथालयातील पुस्तक-मोजणीसारखेच ते.

आता स्मृतीकडे, म्हणजे मेमरीकडे, वळू. फळ्यावर एका रांगेत वीस चौकोन काढा. पहिले दहा चौकोन विद्यार्थ्याचे नाव लिहिण्यासाठी राखून ठेवा. अकराव्या चौकोनापासून पुढे 'हे काम संपल्यावर कोणत्या सूचनेकडे परतायचे' तो क्रमांक लिहा. आता चौदा अक्षरांचे नाव एकेका चौकोनात लिहायला सांगा. अक्षरे दहा चौकोनांबाहेर जातील आणि परतीचा क्रमांक पुसला जाईल. संगणक मात्र तेथे आता जे लिहिले आहे तोच क्रमांक समजून भलतीकडे जाईल. ई-टू-एफएससीके ज्या 'सी' भाषेत लिहिला आहे, ती भाषा अशी हद्द आपणहून तपासत नाही. ते काम प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोपवलेले असते.

२०१९चा दोष याच जातीचा होता. सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा-संशोधन गटाने तो शोधला. सीव्हीई-२०१९-५१८८ या क्रमांकाने त्याची नोंद आहे. मोठ्या डिरेक्टरीतली नावे चटकन सापडावीत म्हणून ई-टू-एफएससीके त्यांची नव्याने मांडणी करतो. मांडणी करताना एकाच डिरेक्टरीत एकच नाव दोनदा आढळले, तर तो एका नावात थोडा बदल करतो. हा बदल करणारा भाग असे धरून चालला होता की नावात निदान एक तरी अक्षर असणारच. आधीच्या टप्प्यांत बिघडलेली नावे दुरुस्त झालेली असतात, त्यामुळे हे गृहीत वाजवी वाटते. पण वापरणाऱ्याने 'दुरुस्त करू का?' या प्रश्नाला 'नको' म्हटले, तर? शून्य अक्षरांचे नाव तसेच पुढे जाते.

शून्य लांबीने काय बिघडावे? जुन्या स्कूटरचा किलोमीटर-मापक आठवा. ००००० वर असताना तो एक आकडा मागे फिरवला, तर ९९९९९ दिसते. ऋण चिन्ह नसलेल्या ३२ बिटांच्या संख्येचेही असेच होते. शून्यातून एक वजा केला, तर उत्तर येते ४,२९,४९,६७,२९५! 'शेवटचे अक्षर कितवे' हे लांबीतून एक वजा करून काढायचे म्हटले, की शून्य लांबीचा हिशेब असा हद्दीबाहेर जातो. या दोषात लेखन स्मृतीच्या 'स्टॅक' या भागात हद्दीबाहेर होत होते, आणि परतीचे क्रमांक तेथेच असतात.

परिणामी प्रोग्राम नुसता बंद पडू शकतो. पण कोणी मुद्दाम तशी डिस्क तयार केली असेल, तर त्याला स्वतःच्या सूचना चालवून घेण्याची वाट मिळू शकते. धोका मोठा अशासाठी, की डिस्क दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामला सहसा संगणकावरचे सर्वाधिकार दिलेले असतात. घराची किल्ली ज्याच्या हाती, तोच फसला तर कुलपाचा काय उपयोग?

जानेवारी २०२०मध्ये आलेल्या १.४५.५ या आवृत्तीत उपाय झाला. डिरेक्टरीतली नोंद बिघडलेली दिसली, तर तिची नव्याने मांडणी करायचीच नाही, अशी तपासणी घातली गेली. उपाय साधा वाटतो; पण ही चूक जुनी आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्मने ५१२ बाइटांच्या जागेत त्याहून अधिक मजकूर घुसवूनच अनेक संगणकांत प्रवेश मिळवला होता. ई-टू-एफएससीके ज्या संचात येतो, त्यात २०२२ सालीही हद्दीबाहेर वाचन-लेखन होण्याचा आणखी एक दोष नोंदला गेला. रस्टसारख्या नव्या भाषा हद्द स्वतः तपासतात आणि ती ओलांडली जात असेल तर प्रोग्राम थांबवतात. मात्र वर्षानुवर्षे सी भाषेत लिहिलेले सारे प्रोग्राम एका रात्रीत बदलता येत नाहीत.

शाळेपुरते काय करावे? प्रणाली अद्ययावत ठेवावी. अनोळखी पेनड्राइव्ह बिघडलेला दिसला, तर तो शाळेच्या मुख्य संगणकावर दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. आणि विद्यार्थी पहिला प्रोग्राम लिहून दाखवतील, तेव्हा त्याला नेहमीची नावे देऊन थांबू नये. खूप लांब नाव द्यावे, आणि एकदा काहीच न लिहिता नुसती एंटर कळ दाबावी. ज्याची तपासणी करायची, त्याच्याच शब्दावर विसंबू नये, हा धडा त्यांना तेथेच मिळेल.