बोटीतून काय बघायचं?

दाभोसा आणि जवळच्या पाड्यांवरच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आज कर्ज, हप्ता, वही यातलं काही काढणार नाही. बोटीत बसल्यावर काय बघायचं आणि कसं बघायचं, ते सांगणार आहोत. हसू नका. या कामात आम्ही एकदा पैसे वाया घालवलेत, म्हणून सांगतोय.

२०२४ च्या जानेवारीत गटातल्या आम्ही अकरा जणी मुंबईला गेलो. सहलीसाठी वर्षभर दर महिन्याला वीस-वीस रुपये वेगळे काढले होते. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याची लाँच धरली. तासाभराचा प्रवास. आम्ही खालच्या मजल्यावर मधल्या बाकांवर दाटीनं बसलो, पदर नाकाला लावला आणि डोळे मिटले. दोघींना बोट लागली. मांडवा आलं, उतरलो, चहा घेतला, पुढच्या लाँचनं तसेच डोळे मिटून परत. घरी पोरांनी विचारलं, समुद्र कसा होता? कोणालाच सांगता येईना. एक जण म्हणाली, "मोठा होता." वर्षाच्या बचतीचा एवढाच हिशेब निघाला.

पावसाळ्यात आपल्या दाभोशाचा धबधबा बघायला मुंबई-नाशिकहून गाड्या भरून लोक येतात. तास तास उभे राहतात. आपण त्यांना चहा-भजी देतो. आपणही कुठे जाऊन असं नुसतं उभं राहून बघावं, हे मनात येत नाही. आलं तरी लाज वाटते की घरचे काय म्हणतील. पण खरं सांगा, रानात कोणता पक्षी ओरडला, कुठल्या दगडाखाली खेकडा असेल, कोणत्या ओढ्याला मासे चढलेत, हे आपल्याइतकं कोणाला कळतं? तेच डोळे बोटीत उघडे ठेवायचे.

दुसऱ्यांदा २०२५ च्या फेब्रुवारीत जायचं ठरवलं, तेव्हा घराघरातून विरोध झाला. कारण तुम्हाला माहीत आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. पंधरा माणसं गेली. टीव्हीवर ते दृश्य सगळ्यांनी पाहिलं होतं. एका सासूबाई म्हणाल्या, "पाण्यात जाऊन बघायचं काय असतं? पाणीच ना?" त्यांची भीती खोटी नव्हती. आम्ही वाद घातला नाही, काय काळजी घेणार ते सांगितलं. शेवटी अकरापैकी सात जणींना घरून होकार मिळाला.

ती काळजी तुम्हालाही सांगतो. बोटीत पाय ठेवला की जॅकेट मागायचं आणि बोट सुटायच्या आधीच अंगावर घालायचं. पदर आधी कमरेला घट्ट खोचा, जॅकेट त्याच्यावरून घाला, सगळे पट्टे लावा. नुसतं खांद्यावर टाकलेलं जॅकेट पाण्यात अंगावरून निघून जातं. बोट माणसांनी खच्चून भरली असेल तर ती सोडा, मागून दुसरी येते. आणि काही दिसलं म्हणून सगळ्या जणी एका बाजूच्या कठड्याकडे धावायचं नाही. बोट तिकडे कलते.

आता बोट लागण्याचं. आपल्याला गाडी लागते, तसंच हे. शरीराचा तोल सांभाळणारा भाग कानाच्या आत असतो. त्याला कळतं की आपण हलतोय. डोळ्यांसमोर मात्र न हलणारं बाक असतं. दोघांचं जुळत नाही आणि पोटात ढवळतं. म्हणजे खाली मान घालून बसणं, जे आम्ही केलं, ते सगळ्यात वाईट. उलट लांब, जिथे आभाळ पाण्याला टेकतं, त्या रेषेवर नजर ठेवायची. मोकळ्या वाऱ्यात बसायचं, इंजिनाच्या धुरापासून लांब. बोटीची टोकं जास्त हलतात, मधला भाग कमी. उपाशी जाऊ नका आणि तुडुंब खाऊनही जाऊ नका. आम्ही नागलीची अर्धी भाकर खाऊन निघालो होतो, आल्याचा तुकडा तोंडात धरला होता. एकीलाही बोट लागली नाही.

वरच्या डेकवर बसायचे काही लाँचवाले थोडे जादा पैसे घेतात. ते द्या. इतर ठिकाणी आम्ही रुपया-रुपया वाचवायला सांगतो, इथे नाही.

उभं राहायचं कुठे? गेटवेहून मांडव्याला बोट साधारण दक्षिणेला जाते. सकाळी ऊन डावीकडून येतं. डावीकडे बघाल तर डोळे दिपतात, पक्षी काळा ठिपका दिसतो. उजव्या कठड्याशी उभं राहिलं की ऊन पाठीवर आणि समोर सगळे रंग स्वच्छ. संध्याकाळी परतताना बोटीचं तोंड उत्तरेला आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडेच. डोंगर आणि बेटं बघायची असतील तर मात्र जाताना थोडा वेळ डावीकडे या. घारापुरी, उरणकडचे डोंगर तिकडे दिसतात. तिकडेच तेलाची जहाजं लागतात ते बेट आहे, त्याचं नाव जवाहर द्वीप. आमच्यातली एक "जव्हार? इथे कुठे?" म्हणून उठूनच बसली होती.

बोट सुटली की पहिले येतात ते कुरव. शहरातले लोक त्यांना सीगल म्हणतात. कबुतरापेक्षा मोठा, पांढरा, पाठ राखाडी, चोच आणि पाय लाल. मांडव्याच्या वाटेवर जास्त करून तपकिरी डोक्याचा कुरव दिसतो. नाव तपकिरी डोक्याचा, पण थंडीत त्याचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक गडद डाग. मार्चकडे विणीचे दिवस जवळ आले की डोकं तपकिरी होतं. तो इथे अंडी घालत नाही. लडाख, तिबेट आणि त्याच्या पलीकडच्या उंच थंड मुलखात, तळ्यांच्या काठी त्याची घरटी. तिकडे बर्फ पडायला लागलं की तो आपल्या किनाऱ्याला येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातो. पोटासाठी दिवाळीनंतर घर सोडायचं आणि पावसाआधी परतायचं, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको.

तो बोटीच्या मागे का येतो? बोटीचा पंखा पाणी घुसळतो, त्यानं बारीक मासे वर येतात. ताकावर लोणी यावं तसे. शिवाय चालत्या बोटीच्या बाजूनं वारा वर चढतो, त्यावर तो पंख न हलवता तरंगत राहतो. आमच्या कठड्यापासून दोन हातांवर एक कुरव कितीतरी वेळ तसाच होता, डोळा आमच्याकडे. आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. त्याला समुद्राचं खारं पाणी पिऊन चालतं. डोळ्यांच्या वर त्याला मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. जादा मीठ नाकपुड्यांतून थेंबथेंब बाहेर पडतं.

इथे आमच्यात भांडण झालं. बोटीवर गाठ्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटं विकायला येतात. लोक ती हवेत उडवतात, कुरव झेलतात, मोबाईलवर फोटो निघतात. आमच्यातल्या दोघींनीही पाकीट घेतलं. बाकीच्या म्हणाल्या, टाकू नका. त्यावर एक जण चिडली, "दारात आलेल्याला घास घालणं पाप कधीपासून झालं?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर नीट देतो. तो दारात आलेला नाही, आपण त्याच्या दारात गेलोय. त्याचं खाणं मासे, किडे, कोळंबी. तळलेलं, मिठाचं, मसाल्याचं बेसन त्याच्या पोटासाठी नाही. पोट त्यानंच भरलं तर हजारो मैल परत उडायला लागणारी ताकद त्याला कुठून मिळणार? आणि रिकामी पाकिटं वाऱ्यानं पाण्यातच जातात. ती म्हणाली, "आपल्या पापडाच्या पिशव्या तरी कसल्या आहेत?" प्लास्टिकच्याच आहेत. त्याचं उत्तर गटाला अजून सापडलेलं नाही. पण त्या दिवशी पाकीट तिनंच बंद करून पिशवीत टाकलं आणि गाठ्या आम्ही मांडव्याला चहाबरोबर खाल्ल्या.

कुरवांत मध्येच एखादा सडपातळ, टोकदार पंखांचा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी दिसतो, तो सुरय. तो वरून नेम धरून पाण्यात सूर मारतो. डोकं पांढरं, अंग विटकरी, ती ब्राह्मणी घार, पाण्यावरून सावकाश फेऱ्या मारते. पाणकावळे खांबांवर पंख पसरून वाळवत बसतात.

डॉल्फिन दिसतो का, हे सगळ्या विचारतात. या किनाऱ्याला डॉल्फिन आहेत, पण तो रोज भेटेल असं नाही. आम्हाला दिसला नाही. खलाशानं एक खूण सांगितली. एकाच जागी पक्षी गोळा होऊन पाण्यावर तुटून पडत असतील तर खाली माशांचा थवा असतो, आणि त्याच्या मागे डॉल्फिन असू शकतो. उडी मारणारा मासा शोधू नका. काळपट पाठ वर येते आणि लगेच बुडते, ती बघा. तो मासा नाहीच. तो हवेत श्वास घेतो आणि पिल्लाला अंगावर पाजतो.

आता जवळची बोट. आपल्याच जिल्ह्यात २०२५ च्या एप्रिलपासून सफाळ्याजवळचं जलसार आणि विरारकडचं मारंबळपाडा यांच्यामध्ये रो-रो सुरू झाली आहे. रस्त्यानं साठेक किलोमीटरचा वळसा, पाण्यातून पंधरा मिनिटं. सपाट मोठी बोट असते, गाड्या थेट आत चढतात. ही बोट ज्या पाण्यावरून जाते ते वैतरणेचं. दाभोशाच्या धबधब्याची लेंडी नदी दमणगंगेला मिळून दमणला समुद्रात जाते. पिंजाळचं पाणी मात्र वैतरणेला मिळतं. म्हणजे जव्हार-मोखाड्याचा पाऊस दोन वाटांनी दर्याला जातो, आणि त्यातल्या एका वाटेचं शेवटचं टोक या बोटीतून दिसतं.

तिथे काठाला कांदळवन आहे, कोणी तिवरं म्हणतात, कोणी खारफुटी. ओहोटीला त्यांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडं मुळांचे शेंडे वर काढून श्वास घेतात. त्यातली पांढरी चिप्पी २०२० पासून आपल्या राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. त्याच चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. निवटी मासाच आहे, पण डोळे डोक्यावर, आणि अंग ओलं असेपर्यंत पाण्याबाहेर राहते, परांच्या आधारानं चालते. बगळे तिच्यावरच टपलेले असतात. तिकडे सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया २०१७ पासून मांडवीच्या खाडीत स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना असं कांदळवन दाखवतात. आपल्यासारखाच गट आहे.

हे सगळं बघायचं तर ओहोटी पाहिजे. तिचा हिशेब पंचांगावरून निघतो. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारचे पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला. शुद्ध असो की वद्य, तिथी एकपासूनच मोजायची. खाडीत आत थोडा उशीर लागतो. म्हणजे संकष्टीला सकाळी चिखल उघडा सापडणार. पण संकष्टीला निम्म्या जणींचा उपास आणि उपाशीपोटी बोट नको, म्हणून आम्ही मार्गशीर्ष वद्य पंचमी धरली आहे. पंचमीला ओहोटी पावणेदहाच्या आसपास. पालघरपर्यंत एसटी, मग रेल्वेनं सफाळे, पुढे रिक्षा. एसटीच्या भरवशावर वेळ गाठता येणार नाही, म्हणून आदल्या रात्री पालघरला एकीच्या बहिणीकडे मुक्काम.

एकच अडचण आहे. आमच्या गटातल्या चौघी दिवाळीनंतर वसई-विरारकडे वीटभट्टीवर जातात. दरवर्षी सहा महिने खाडीच्या काठाशी राहतात, आणि बोटीत त्यांनी अजून पाय ठेवलेला नाही. त्यांना सोडून जायचं नाही असं सभेत ठरलंय. आम्ही जलसारहून बसणार, पलीकडे मारंबळपाड्याला त्या येऊन थांबणार, आणि त्याच बोटीनं सगळ्या मिळून परत या काठाला. पण भट्टीला सुट्टी खर्चीच्या दिवशीच असते आणि पंचमी त्या दिवशी येत नाही. मुकादमाशी बोलणं झालंय. तो शेठला विचारून पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणाला. नाही म्हणाला तर आम्ही तिथी बदलू. खर्चीच्या दिवशी भरती असली तर निवट्या दिसणार नाहीत, पण कुरव असतील.